दहाव्याचा घाट

नाशिककराला ‘उद्या आठ वाजता रामकुंड’ एवढं सांगितलं तरी पुरतं. तो ‘कुणाचा?’ एवढंच विचारतो.

सकाळी पंचवटीच्या बाजूने उतरलं की पायऱ्यांवर न्हावी वस्तरे घेऊन बसलेले दिसतात. भाऊ, चुलतभाऊ, पुतणे ओळीने डोकं पुढे करतात आणि ओल्या अंगाने पिंडासमोर येऊन बसतात. भाताचे पिंड मांडून झाले की सगळ्यांच्या माना वर. कावळा शिवेना झाला की मागे कुजबुज सुरू होते, ‘अण्णांचा जीव नातीत अडकलाय.’ थोरला हात जोडून म्हणतो, ‘अण्णा, तिचं मी बघतो. काळजी करू नका.’ पूर्वी हा शब्द लग्नाचा असायचा. आता शिक्षणाचा असतो, आणि एकदा तर मी फ्लॅटच्या हप्त्यांचाही ऐकला आहे. एवढं करून कावळा ढिम्मच राहिला, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. रोज सकाळी इतके पिंड बघणाऱ्या पंचवटीतल्या कावळ्यांना कुणाच्या राहिलेल्या इच्छेचं फारसं सोयरसुतक नसतं.

गोदावरी इथे दक्षिणवाहिनी होते. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं, अशी श्रद्धा. कुंड बांधलं चित्रराव खटावकरांनी, १६९६ मध्ये. पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. कुंडातल्या एका भागाला ‘अस्थिविलय तीर्थ’ म्हणतात. इथे टाकलेल्या अस्थी काही तासांत विरघळतात, असं लहानपणापासून ऐकत आलो. जळालेलं हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, ते साध्या पाण्यात असं विरघळत नाही. पण ठिसूळ झालेलं असतं, फुटतं, गाळात मिसळतं. दहाव्याला आलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं, एवढं मला कळतं. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा एक भाग याच पाण्यात सोडला गेला, पुढे नेहरूंच्याही. एप्रिल २०१६ मध्ये मात्र कुंड कोरडं पडलं आणि टँकरने पाणी आणून ओतावं लागलं. तळाला काँक्रीट घालून जिवंत झरे बुजवल्याची तक्रार घेऊन नदीप्रेमी न्यायालयात गेले, तो वाद नाशिकला नवा नाही.

घाटावर येण्याआधीचा मुक्काम अमरधाम, म्हणजे स्मशानभूमी. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गुलाल हे मर्तिकाचं सामान कुठल्या दुकानात एका दमात मिळतं, हे गल्लीतल्या एखाद्याला पाठ असतं. घरातली माणसं सुन्न असतात, तिरडी बांधतो तो शेजारीच. लाकूड-गोवऱ्यांचा भार नाशिक महापालिका मोफत अंत्यसंस्कार योजनेतून उचलते. विद्युतदाहिनी आहे, तरी बरेच जण लाकडाकडेच वळतात. कारण विचारलं तर शास्त्राचं नाव सांगतात. खरा अडसर वेळापत्रकाचा असावा. चिता निवायला वेळ लागतो, म्हणून राख सावडायला तिसऱ्या दिवशी यायचं, ही रीत. दाहिनीतून राख त्याच दिवशी हातात येते. अस्थी घरात न्यायच्या नाहीत, मग दोन दिवस कलश झाडाला टांगून ठेवायचा. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत अमरधामात रांगा लागल्या, तेव्हा खांदेकरी, मडकं, प्रदक्षिणा सगळंच गळून पडलं होतं. त्या दिवसांतल्या माणसांचे विधी घरच्यांनी नंतर, जमेल तसे केले.

रामकुंडावरची मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू म्हणजे क्षेत्रोपाध्यायांची वही. इथल्या पुरोहितांचा संघही आहे, श्री गंगा गोदावरी पंचकोठी पुरोहित संघ. कुठल्या घराण्याचा उपाध्याय कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मामांच्या दहाव्याला गेलो तेव्हा गुरुजींनी दोनच प्रश्न विचारले, ‘आडनाव? मूळ गाव?’ लांबट बाड उघडलं. जुनी पानं मोडीत, शाई तपकिरी झालेली. पाच-सात मिनिटांत बोट एका ओळीवर थांबलं. तिथे आजोबांची सही होती, खाली ते कुणाच्या अस्थी घेऊन आले होते त्याची नोंद. आजोबांचं अक्षर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याखाली मामेभावाने बॉलपेनने सही केली. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे नावानिशी होते. आजी मात्र ‘कुटुंब’ या एका शब्दात आटोपली होती.

त्या शब्दापाशी मी अडकलो. मरणाने सगळे सारखे होतात, असं म्हणतात. घाटावर तसं दिसत नाही. इथून चार पावलांवर काळाराम मंदिर. दलितांना तिथे प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, दरवाजे उघडले नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आज बौद्ध घरांत पिंडाऐवजी त्रिशरण-पंचशील आणि जलदान विधी असतो. जातपंचायतीला ‘मूठमाती’ देण्याची अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम २०१३ मध्ये नाशिकमधल्या एका मुलीच्या खुनानंतर उभी राहिली, आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू झाला. कुणाला स्मशानभूमी नाकारणं हा आता गुन्हा आहे. कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

दुसरीकडे दहावा फुगत चाललाय. निफाड-दिंडोरीकडे मंडप, प्रवचनकार, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स, आणि माइकवर एकामागून एक पुढारी. गेलेल्या माणसापेक्षा आलेल्या आमदाराचा फोटो मोठा. ‘नाही केलं तर चार लोक काय म्हणतील?’ या भीतीपायी कर्ज काढणाऱ्यांची मला कीव येत नाही, राग येतो. कारण हीच चार माणसं विधवेच्या बांगड्यांवरही लक्ष ठेवून असतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात सरकारने तो कित्ता गिरवायला परिपत्रक काढलं. ‘लेकीने दिला वडिलांना अग्नी’ ही अजून वर्तमानपत्रात बातमी होते. जिथे बायकांना फाटकातूनच परत पाठवायचे तिथे त्या चितेपर्यंत येऊ लागल्या, हेही खरं.

रामकुंडावर जायची वेळ येईल तेव्हा जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आजीचं, पणजीचं, आत्यांचं नाव कागदावर लिहून न्या. गुरुजी वही उघडतील, पुरुषांची नावं वाचतील. मग तो कागद पुढे करा आणि नावं तिथे लिहून घ्या. आमच्या पानावर आता आजीचं नाव आहे, मामेबहिणीच्या अक्षरात.