शिंपल्यांतील मोतिया थर

शिंपल्यांची भट्टी लावून चुना करावा, यापलीकडे त्यांचा उपयोग आम्हांस ठाऊक नव्हता. परंतु नदींतील शिंपल्याच्या आंतील चकाकणारा मोतिया थर पाहावा. त्यांत शेंकडा सुमारें ९५ भाग चुनखडीचेंच द्रव्य. मात्र त्याच्या सूक्ष्म चकत्या विटांप्रमाणें रचलेल्या, व मध्यें प्रथिनांचा पातळ लेप. म्हणून तो खडूसारखा तुटत नाहीं. पडलेली चीर वळतवळत जिरून जाते. इ. स. १९९२ मध्यें फ्रान्सांतील संशोधकांनीं प्रयोगशाळेंत या थराजवळ मानवी अस्थिपेशी ठेविल्या, तों त्या नवें अस्थिद्रव्य घडवूं लागल्या! सबब बांधवांनीं रिकामे शिंपले खुशाल भाजावे; जिवंत मात्र काढूं नयेत. ज्या डोहाचें पाणी आपलीं गुरें पितात, तें पाणी हा कारागीर जीव नित्य गाळीत असतो.