आजोबांचा आवाज, आजींचा कान

लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट. वीस-पंचवीस वर्षे कपाटात पडलेली, बुरशी लागायच्या आत कुणीतरी संगणकावर उतरवून घेतलेली. तिच्यात आजोबा आहेत. वधू-वरांना चार शब्द सांगताहेत, मध्येच हसताहेत. आजोबा जाऊन दहा वर्षे झाली. आजींना डोळ्यांमुळे पडदा पाहवत नाही, मोबाइल हाताळता येत नाही; पण उशाशी ठेवलेल्या सीडी प्लेअरचे बटण बरोबर सापडते. म्हणून नातू व्हिडिओतला आवाज वेगळा काढतो, सीडीवर घालतो आणि लावून देतो. आजी डोळे मिटून ऐकतात. थोड्या वेळाने म्हणतात, ‘‘आवाज त्यांचाच रे, पण काय बोलताहेत ते कळत नाही.’’ नातू आवाज वाढवतो. आजी लगेच कानावर हात ठेवतात, ‘‘अरे, केवढ्याने! हळू कर.’’

थोड्याफार फरकाने असा प्रसंग अनेक घरांत घडतो. दोष सीडीत आहे की कानात, हा खरा प्रश्न असतो. तो ओळखण्याची सोपी रीत आहे. तीच सीडी त्याच प्लेअरवर, तेवढ्याच आवाजात घरातल्या तरुण माणसाने ऐकावी. त्यालाही शब्द कळत नसतील तर आधी सीडीकडे पाहावे. त्याला स्वच्छ कळत असतील तर आजींचे कान तपासून घ्यावेत. कधी दोन्हीकडे थोडाथोडा दोष असतो.

डबा आणि कप्पे

एमपी-फोर, एव्हीआय, एमकेव्ही ही नावे डब्याची आहेत. डब्याच्या एका कप्प्यात चित्र असते, दुसऱ्यात आवाज. हा आवाज बहुधा एएसी, एमपी-थ्री यांसारख्या पद्धतीने दाबून भरलेला असतो. एफएफएमपेग, व्हीएलसी, ऑडॅसिटी या मोफत प्रणालींनी आवाजाचा कप्पा वेगळा काढता येतो. मात्र गाण्यांच्या साध्या सीडीला दाबलेला आवाज चालत नाही. तिला मोकळा आवाज लागतो : सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. संगणकावर हे बहुधा ‘वेव्ह’ फाइलच्या रूपात साठवतात. अशा आवाजाला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. म्हणून नेहमीच्या सीडीवर ८० मिनिटेच मावतात.

४४,१०० हा विचित्र आकडा माणसाच्या कानावरून आला. निरोगी तरुण कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. एखादे कंपन आकड्यांत नीट पकडायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घ्यावे लागतात. म्हणजे किमान ४०,०००, आणि वर थोडी मोकळीक. नेमके ४४,१०० का, यामागे मात्र व्हिडिओच आहे. त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. पडद्याच्या एका रेषेत तीन नमुने बसवले की अमेरिका-जपानच्या पद्धतीत ६० गुणिले २४५ गुणिले ३ आणि युरोपच्या पद्धतीत ५० गुणिले २९४ गुणिले ३, अशी दोन्हीकडे एकच संख्या येते. सोनी आणि फिलिप्स यांनी सीडीसाठी तीच धरली आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. व्हिडिओने पुढे ४८,००० नमुन्यांची वाट धरली. त्यामुळे व्हिडिओतून सीडीकडे जाताना ४८,०००चे ४४,१०० करावे लागतात.

सीडी कुठे बिघडते?

पहिली चूक या रूपांतरातच होते. ४८,०००च्या वेगाने घेतलेले नमुने तसेच ४४,१००च्या वेगाने वाजवले तर बोलणे आठ टक्क्यांनी संथ होते आणि पट्टीही उतरते. आजोबा अचानक थकल्यासारखे, घोगरे वाटू लागतात. चालू प्रणाली हे रूपांतर आपोआप नीट करते. फक्त फाइल साठवताना ४४,१०० हा पर्याय निवडलेला आहे ना, ते पाहावे.

दुसरी चूक पुन्हा पुन्हा दाबण्याची. एमपी-थ्री आणि एएसी या पद्धती कानाच्याच एका मर्यादेचा फायदा घेतात. लोकल धडधडत जात असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळपासच्या कंपनांच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. मग झाकलेला भाग साठवायचाच कशाला, असा हा हिशेब. एकदा केला तर तो सहसा लक्षातही येत नाही. पण व्हिडिओतला आवाज आधी एमपी-थ्री केला, कापून पुन्हा एमपी-थ्री केला, मग सीडीसाठी मोकळा केला, तर दरवेळी थोडे गळत जाते आणि गळलेले परत येत नाही. म्हणून व्हिडिओतून एकदाच ‘वेव्ह’ फाइल काढावी, कापाकापी तिच्यातच करावी आणि तीच सीडीवर घालावी.

तिसरी चूक आवाज फार चढवण्याची. डिजिटल आवाजाला ठरलेली कमाल उंची असते. त्यापलीकडे चढवला की लहरींचे शेंडे सपाट कापले जातात आणि बोलणे फाटल्यासारखे येते. सर्वांत उंच शेंडा कमाल मर्यादेच्या किंचित खाली राहील, एवढाच तो वाढवावा.

चौथी चूक हौसेने होते. जुन्या टेपवर खरखर असते, ती काढायचा मोह होतो. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने म्हणजे तोंडातून घासून निघणारी हवा. यंत्राला ती आणि टेपची खरखर सारखीच वाटते. खरखर पूर्ण पुसायला गेले की व्यंजनेही पुसली जातात. थोडी खरखर राहिलेली बरी.

जुन्या चित्रीकरणात आवाज कधी एकाच वाहिनीत असतो. आजींचा त्या बाजूचा कान कमजोर असेल आणि त्या हेडफोन लावत असतील, तर आवाज पोचणारच नाही. दोन्ही वाहिन्यांत तोच आवाज घालावा. सीडी लिहिताना ‘डेटा’ऐवजी ‘ऑडिओ’ हा पर्याय निवडावा, नाहीतर जुना प्लेअर ती वाजवणारच नाही. प्रसंगानुसार छोटे तुकडे पाडले तर हवा तो प्रसंग पुन्हा लावता येतो.

दोष कानात असेल तर

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. वयाबरोबर आधी झिजतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या, शंखाच्या दाराशी असलेल्या पेशी. स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. घासून निघणारी व्यंजने उंच पट्टीची आणि दुबळी, ती निसटतात. मग ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच वाटतात. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही आजींची तक्रार अगदी नेमकी असते. हे निदानच त्या आपल्या शब्दांत सांगत असतात.

कानावर हात ठेवण्यालाही कारण आहे. झिजलेल्या कानाला लहान आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. ऐकू येणे आणि त्रास होणे यांतले अंतरच कमी झालेले असते. म्हणून नुसता आवाज वाढवणे हा उपाय नाही. आजी हटवादी झाल्या, त्यांचे लक्ष नसते, असे म्हणणे तर अन्यायाचे आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे आधी कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळ अडकलेला असतो, तो निघाला की काम होते. काडी, पिन, गरम तेल यांचे प्रयोग घरी करू नयेत. नंतर श्रवणचाचणी होते. हेडफोन लावून निरनिराळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवतात आणि कोणता किती जोरात असताना ऐकू येतो, याचा आलेख काढतात. तिच्यात सुई नाही, वेदना नाही. गरज असेल तर त्या आलेखाप्रमाणे श्रवणयंत्राची जुळवणी करतात, म्हणजे ज्या पट्टीत कमतरता तिथेच वाढ. दुसऱ्याचे यंत्र आणून लावण्यात म्हणूनच अर्थ नसतो. एका कानाला अचानक कमी ऐकू येऊ लागले तर मात्र वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

ही तपासणी टाळू नये, याचे आणखी एक कारण आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासूनच्या आपल्या अहवालांत उपचार न केलेली श्रवणहानी ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मानली आहे. बोलणे कळेनासे झाले की माणूस बोलणाऱ्यांतून उठून जातो, एकटा पडतो.

नातवाच्या कानांचेही पाहायला हवे. हेडफोन लावून तोच तुकडा रात्रभर पुन्हा पुन्हा ऐकण्याचे हे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत फक्त चार तासांवर येते. खोलीतला पंखा बंद करून आवाज कमी ठेवावा आणि अधूनमधून कान मोकळे सोडावेत.

सीडी तयार झाली की तिला कडेने धरावे, उन्हात ठेवू नये आणि वरच्या बाजूवर टोकदार पेनाने लिहू नये. माहितीचा थर त्याच बाजूला, अगदी पातळ लेपाखाली असतो. सीडी कधीतरी खराब होणारच, म्हणून मूळ व्हिडिओ आणि ‘वेव्ह’ फाइल दोन वेगळ्या जागी जपून ठेवावी. सीडी पुन्हा करता येईल. आजींच्या कानातल्या केशपेशी पुन्हा आणता येणार नाहीत. म्हणून सीडी दुरुस्त करायला बसण्याआधी नातवाने आजींना तपासणीला घेऊन जावे. आजोबा त्या दिवशी काय म्हणाले होते, ते त्यांना अजून ऐकायचे आहे.