तलावाचे पाणी हिरवे का होते?



गुरांचा हौद घासून-पुसून स्वच्छ केला आणि त्यात बोअरचे ताजे पाणी भरले, तर ते किती दिवस निर्मळ राहील? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या कडक उन्हाळ्यात ते फार दिवस टिकत नाही. थोड्याच दिवसांत हौदाच्या भिंतीला बोट लावले तर बुळबुळीत लागते आणि पुढे सारे पाणीच हिरवट दिसू लागते. शहरातला पोहण्याचा तलाव म्हणजे तरी काय, एक मोठा हौदच! त्यावर तेच ऊन पडते, तीच धूळ पडते. मग त्याचा तळ स्वच्छ दिसतो तो कसा?

“त्यात क्लोरीन टाकतात,” असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. क्लोरीन टाकूनही तलाव हिरवे होतात. पाण्यात क्लोरीन किती टाकला यापेक्षा किती शिल्लक राहिला, आणि राहिलेल्यापैकी कामाचा किती, हे पाहावे लागते. ते कसे, हे आता पाहू.

शेवाळ येते कोठून?

शेवाळ पेरावे लागत नाही. त्याच्या सूक्ष्म पेशी वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर, पक्ष्यांच्या पायांना चिकटून आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरूनही पाण्यात येतात. त्यांना वाढीसाठी सूर्यप्रकाश, कार्बन डाय-ऑक्साइड आणि थोडे नायट्रेट व फॉस्फेट पुरते. उसाला घातलेल्या खताचा काही अंश पाण्याबरोबर जमिनीत झिरपतो आणि विहिरीत उतरतो, म्हणजे शेवाळाचे जेवण तयारच असते. असे असूनही खोल विहीर उथळ हौदापेक्षा सहसा उशिरा हिरवी होते. कारण उघड आहे: विहिरीच्या काठाची सावली पाण्यावर पडते आणि ऊन सरळ आत उतरते ते दुपारी थोडाच वेळ. पोहण्याच्या तलावाला ही सवलत नाही. तो उथळ, रुंद आणि बहुधा उघडा असतो.

क्लोरीनची दोन रूपे

गावाच्या पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकताना तुम्ही पाहिले असेल. गावात तिला ‘टीसीएल’ म्हणतात. ताज्या, चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्यासाठी साधारणपणे १,००० लिटरला २.५ ग्रॅम पावडर असे प्रमाण धरतात. विहिरीचा व्यास ६ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर असेल, तर पाणी किती? ०.७८५ × ६ × ६ × ५ म्हणजे सुमारे १४१ घनमीटर, अर्थात १,४१,००० लिटर. त्याला पावडर लागेल सुमारे ३५० ग्रॅम. तुमच्या गावच्या विहिरीचे गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

ही पावडर पाण्यात विरघळली की क्लोरीन दोन रूपांत राहतो. एक हायपोक्लोरस आम्ल आणि दुसरे हायपोक्लोराइट आयन. दोघे भाऊ खरे, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक! आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या किंवा शेवाळाच्या पेशीत सहज शिरतो. आयनावर ऋणभार असतो. पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असतो. सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही विजेच्या धड्यात शिकला आहात. म्हणून आयन दारातच अडतो आणि जंतू मारण्याच्या कामी फार कमकुवत ठरतो.

कोणता भाऊ किती प्रमाणात असणार, हे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. सामू ७.२ असताना सुमारे दोन-तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो. ७.५ ला तो निम्म्यावर येतो, ८ ला पाव भाग उरतो आणि ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. क्लोरीन तेवढाच, खर्च तेवढाच, पण काम मात्र दहावा हिस्सा! म्हणूनच तलावाचा सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखतात आणि शिल्लक क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात.

शेवाळाची चलाखी

आता गंमत पाहा. दिवसा प्रकाशसंश्लेषण करताना शेवाळ पाण्यातला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते. हा वायू पाण्यात कार्बॉनिक आम्ल बनवतो. तो कमी झाला की पाण्याची आम्लता घटते आणि सामू चढतो. दाट शेवाळाच्या पाण्यात तो दुपारी ९ च्याही वर जातो. म्हणजे शेवाळ वाढले की सामू वाढतो, सामू वाढला की क्लोरीन बोथट होतो, आणि क्लोरीन बोथट झाला की शेवाळ आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे. त्यात भर म्हणजे ब्लीचिंग पावडरीत चुना असतो, त्यामुळे तीही सामू वाढवते.

ऊनही शेवाळाच्या बाजूचे. सूर्याचे जंबुपार किरण क्लोरीनची दोन्ही रूपे फोडतात. उघड्या तलावात भर दुपारी टाकलेल्या क्लोरीनपैकी बराचसा दोन-तीन तासांतच नाहीसा होतो. म्हणून पावडर संध्याकाळी, ऊन उतरल्यावर टाकणे शहाणपणाचे.

रिओची फजिती

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे ऑलिंपिक सामने चालू होते. तेथील मारिया लेंक जलतरण केंद्रात सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव ९ ऑगस्टला एकाएकी हिरवागार दिसू लागला. शेजारच्या तलावाचा रंगही पालटला. जगातली सर्वांत मोठी क्रीडास्पर्धा, हाताशी सारी यंत्रसामग्री, आणि पाणी मात्र आपल्या हौदासारखे!

चौकशीत कारण कळले. ५ ऑगस्टला पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते. हेही जंतुनाशकच आहे. मग बिघडले कोठे? पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकत्र आले की परस्परांना निकामी करतात. क्लोरीनचे साधे क्लोराइड बनते आणि ऑक्सिजन निघून जातो. दोन पहारेकरी आपसांत लढून पडले आणि चोराला वाट मोकळी झाली! शेवटी एका तलावातले सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून दुसरे भरावे लागले. औषध टाकले होते, पण शिल्लक काहीच राहिले नव्हते.

हिरवा तलाव निवळतो कसा?

जाणकार माणूस हे काम क्रमाने करतो. आधी पाला-पाचोळा काढून भिंती व तळ ब्रशाने घासतो, कारण चिकट थराखाली दडलेल्या शेवाळापर्यंत क्लोरीन पोचत नाही. मग सामू मोजून, जरूर तर थोडे आम्ल घालून तो ७.२ च्या आसपास आणतो. त्यानंतर संध्याकाळी क्लोरीनची मोठी मात्रा, लिटरला १० मिलिग्रॅम किंवा अधिक, देतो आणि वाळूच्या गाळणीतून पाणी सतत फिरवतो. हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी दिसू लागले की शेवाळ मेले असे समजावे. मेलेले सूक्ष्म कण तुरटीने एकत्र येऊन जड होतात व तळाशी बसतात. तो गाळ काढून टाकतात. क्लोरीन पुन्हा ३ मिलिग्रॅमपर्यंत उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. बोअरच्या ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि भांड्यात पांढरा थर बसतो, ते तलावात भरले व सामू चढला, तर त्यातला चुना बाहेर पडून पाणी दुधाळ होते. हा गढूळपणा शेवाळाचा नव्हे. तेथे क्लोरीन वाढवून उपयोग नाही, सामूच उतरवावा लागतो.

एक सूचना मात्र कायम लक्षात ठेवा. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ही रसायने हाताळणे हे मुलांचे काम नव्हे.

नितळ पाणी कशासाठी?

पाणी नितळ हवे ते केवळ शोभेसाठी नाही. गढूळ पाण्यातले कण प्रकाश चोहीकडे विखुरतात, त्यामुळे तळाची वस्तू दिसत नाही. अमेरिकेत फॉल रिव्हर या गावी २०११ च्या जूनमध्ये एका सार्वजनिक तलावात एक स्त्री बुडाली. पाणी इतके गढूळ होते की दोन दिवस लोक तेथे पोहत राहिले, तरी ती कोणालाच दिसली नाही. म्हणून तलावाचा तळ दिसत नसेल, तर पाण्यात उतरू नका. आपल्या भागातल्या शेततळ्यांत तर मुळीच नको. त्यांच्या उतारावरचे प्लॅस्टिक शेवाळाने निसरडे होते आणि आत घसरलेल्याला वर चढता येत नाही. अशा अपघातांत महाराष्ट्रात अनेक मुलांचे प्राण गेले आहेत.

तलावाकाठी डोळे चुरचुरवणारा उग्र वास आला, की “क्लोरीन फार झाला” असे आपण म्हणतो. बहुधा उलटच घडलेले असते. घाम आणि लघवी यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी संयोग होऊन क्लोरीन खर्ची पडतो आणि त्यातून बनलेल्या क्लोरामाइनांचा तो वास असतो. म्हणून पोहण्यापूर्वी अंघोळ करा. पाण्यातला कामाचा क्लोरीन वाचवण्याचा हा बिनखर्ची उपाय आहे.

घरी एक सोपा प्रयोग करा. काचेच्या दोन सारख्या बरण्यांत हौदाचे हिरवे पाणी घ्या. एका बरणीत तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा आणि दोन्ही बरण्या रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी प्रत्येक बरणीमागे छापील कागद धरा. कोणत्या बरणीतून अक्षरे वाचता येतात, तळाशी काय बसले आहे, याची वहीत नोंद करा. मग तुरटी घातलेल्या बरणीतले वरचे पाणी तिसऱ्या बरणीत ओतून उन्हात ठेवा. ते पुन्हा हिरवे होते का, आणि किती दिवसांनी, तेही लिहून ठेवा.