वंगणतेल विश्लेषण, डीझेल एंजिनातील

एंजिनात वापरात असलेल्या वंगणतेलाचा थोडा नमुना ठराविक मुदतीने काढून त्यातील धातूंचे सूक्ष्म कण, धूळ, पाणी, इंधन व काजळी यांचे प्रमाण तपासणे आणि त्यावरून एंजिन न उघडता आतील झिजेचा अंदाज करणे, या पद्धतीस वंगणतेल विश्लेषण म्हणतात. तेल एंजिनातील बहुतेक सर्व घासणाऱ्या पृष्ठांवरून वाहते व प्रत्येक ठिकाणची झीज थोडीथोडी बरोबर घेऊन तेलपात्रात (गॅरेजच्या भाषेत ‘चेंबर’मध्ये) परतते. रक्ताच्या तपासणीशी या पद्धतीची तुलना केली जाते ती याच कारणाने.

अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४६ मध्ये आपल्या डीझेल एंजिनांच्या तेलाची वर्णपटीय तपासणी सुरू केली. पुढील दशकात अमेरिकेच्या नौदलाने विमानांच्या एंजिनांसाठी ती स्वीकारली. भारतीय रेल्वेच्या डीझेल शेडांतील प्रयोगशाळांतही ती रूढ झाली.

वर्णपटमापकात ग्रॅफाइटची फिरती चकती तेलाचा पातळ थर विद्युत् ठिणगीत नेते. तेथील उच्च तापमानात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक तरंगलांब्यांचा प्रकाश देते (उदा., तांबे ३२४.८ नॅनोमीटर) व त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून मूलद्रव्याचे प्रमाण दशलक्ष भागांत भाग असे मिळते. ही मापे किती सूक्ष्म असतात हे उदाहरणाने स्पष्ट होईल : १५ लिटर तेलात लोखंडाचे प्रमाण १०० असेल, तर सगळे मिळून लोखंड जेमतेम १.३ ग्रॅम भरते. लोखंड प्रामुख्याने सिलिंडरचे अस्तर (लायनर), भुजादंड व दंतचक्रे यांतून येते. क्रोमियम दट्ट्याच्या मुलामा दिलेल्या कड्यांतून, ॲल्युमिनियम दट्ट्यातून, तर शिसे, कथिल व तांबे धारव्यांतून (बेअरिंगांतून) येतात.

सिलिकॉन मात्र बहुधा बाहेरून येते, आणि ट्रकच्या बाबतीत तेच सर्वांत बोलके ठरते. गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरणाच्या परिसरासारख्या भातशेतीच्या प्रदेशात मुरुमाच्या रस्त्यांवरून धान वाहणाऱ्या ट्रकचे उदाहरण घेता येईल. हवेच्या गाळणीच्या रबरी नळीचा जोड सैल असेल, तर रस्त्याची धूळ थेट सिलिंडरात जाते. सिलिका लोखंडापेक्षा पुष्कळ कठीण असल्याने कड्या व अस्तर खरवडली जातात आणि अहवालात सिलिकॉनच्या पाठोपाठ लोखंड व क्रोमियम चढू लागतात. मातीच्या धुळीत सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही असते. उलट भातगिरणीच्या आवारात उडणाऱ्या तुसाच्या राखेत सु. ९० टक्के सिलिका असून ॲल्युमिनियम नगण्य असते. त्यामुळे दोहोंच्या प्रमाणावरून धुळीचा उगमही काही अंशी ओळखता येतो. एका नळीची पट्टी वेळीच आवळली गेली, तर एकाच ट्रकवर घर चालविणाऱ्या मालकाचा एंजिन-दुरुस्तीचा खर्च व तितक्या दिवसांची बुडालेली भाडी वाचतात. गाळणी व जोडण्या सुस्थितीत असूनही सिलिकॉन जास्त आढळल्यास सांधे बंद करण्याचा सिलिकोन लेप किंवा तेलातील फेसरोधक समावेशक हेही कारण असू शकते.

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्याच एंजिनाचे मागील तीन-चार अहवाल शेजारी ठेवून, तेलाने किती किलोमीटर काढले हे पाहून वाढीचा दर ठरवावा लागतो. वरचेवर घातलेले तेलही हिशेबात धरावे लागते. समजा, १२ लिटर तेलात लोखंडाचे प्रमाण ७५ आहे. त्यात ३ लिटर ताजे तेल घातले की तेच प्रमाण ६० दिसेल, झीज मात्र तीच राहील. म्हणून नमुना नवे तेल घालण्यापूर्वी, एंजिन गरम असताना, स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्यावा. तेल सोडताना घ्यावयाचा असल्यास पहिली धार जाऊ द्यावी. नव्या एंजिनात तेलशीतकातून तांबे विरघळून त्याचा आकडा बराच वाढू शकतो. धारवे झिजले असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे होय.

शीतकातील गळती सोडियम किंवा पोटॅशियम यांवरून कळते, कारण तयार शीतकात त्यांची लवणे असतात. रेडिएटरमध्ये साधे पाणी भरलेले असल्यास ही खूण भरवशाची राहत नाही. अशा वेळी जुनी सोपी चाचणी उपयोगी पडते : तेलाचा थेंब सु. १६० से. तापलेल्या पत्र्यावर टाकल्यास पाणी असलेले तेल तडतडते. टीपकागदावर थेंब पसरू दिला असता मध्ये गडद, स्पष्ट कडेचा डाग राहिला, तर तेलाची काजळी विखुरलेली ठेवण्याची शक्ती संपत आली असे समजतात. या दोन्ही चाचण्या कोणत्याही गॅरेजमध्ये करता येतात. डीझेल मिसळून तेल पातळ झाले आहे का, हे श्यानता व प्रज्वलनांक यांवरून ठरते [⟶ वंगण].

या पद्धतीची मोठी मर्यादा कणांच्या आकाराची आहे. वरील वर्णपटमापकाला सु. ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. धारव्याचे टवके उडू लागले, तर ते गाळणीत अडकतात आणि अहवाल निर्धोक वाटतो. त्यासाठी चुंबकीय बूच तपासणे, जुनी गाळणी कापून तिच्या घड्या पाहणे किंवा चुंबकीय क्षेत्रात कण काचपट्टीवर आकारानुसार मांडून सूक्ष्मदर्शकाने पाहणे हे उपाय आहेत. संयोगदांडा अचानक तुटण्यासारख्या, आधी झीज न होता घडणाऱ्या बिघाडाची पूर्वसूचना मात्र तेलातून मिळत नाही.