वाढईचा रंधा

झाडीपट्टीतल्या वाढईच्या, म्हणजे सुताराच्या, पेटीत करवत, गिरमिट, पटाशी ही हत्यारं बहुतेक दुकानातून आलेली असतात. रंधा मात्र पुष्कळदा घरचा असतो. पातं तेवढं बाजारातलं किंवा लोहाराकडचं. त्याला धरून ठेवणारा लाकडी ठोकळा, पातं आवळणारी पाचर आणि मागची मूठ वाढईने स्वतः घडवलेली असते. सुतारकामात ही रीत एकेकाळी सगळीकडे होती. झाडीपट्टीतल्या गोंदिया जिल्ह्यात तिला बळ मिळालं ते जंगलाचं. रंध्याला लागणारं टणक लाकूड इथे हाताच्या अंतरावर होतं, आणि त्या लाकडाचे स्वभाव माहीत असलेली माणसंही.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळख धान, तलाव आणि विडी अशी सांगितली जाते. विडीसाठी तेंदूचं पान सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच झाडाच्या पोटातलं काळंभोर, वजनदार लाकूड मोजक्यांनाच. तेंदू आबनुसाच्या कुळातला आहे, हे विडी ओढणाऱ्याला कोण सांगणार? सागाचा मान मोठा, पण रंध्याच्या अंगासाठी जाणता वाढई साग सहसा घेत नाही. साग रंधायला सोपा आणि हवामानाला फारसा बधत नाही, हे खरं. पण रंध्याचा तळ दिवसभर लाकडावर घासतो आणि साग त्या मानाने मऊ पडतो. त्यापेक्षा बैलगाडीच्या कामात मुरलेली झाडं बरी. धावडा चिवट, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीचे आस त्याचे. तिवस चाकांच्या कामाचा. शिसम जड, दाट आणि तळाला गुळगुळीत. बाभूळ तर शेताच्या बांधावरचीच.

हे लाकूड मिळणंही सोपं राहिलेलं नाही. हा प्रदेश १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, होती तेव्हा गावाच्या जंगलातून घराला, नांगराला, गाडीला लागणारं लाकूड आणण्याचा निस्तार हक्क लोकांना असे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा तलाव’ झाले आणि जंगल सरकारी झालं. पुढे नागझिरा, नवेगाव अशी अभयारण्यं आणि उद्यानं झाली आणि २०१३ मध्ये त्यांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. झाड तोडायला परवानगी आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. तरी रंध्यासाठी लागतो केवढा तुकडा? फूट-दीड फूट लांब, तीन बोटं जाड. मोडक्या गाडीचा आस, जुन्या घराची तुळई किंवा दाराची चौकट यांतून तो निघतो. उलट असं जुनं लाकूडच चांगलं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं आणि जे काही वाकायचं, तडकायचं ते आधीच उरकलेलं असतं. ओल्या लाकडाचा रंधा पहिल्याच उन्हाळ्यात पीळ खातो. झाडाच्या मधला गाभाही टाळायचा, तो हमखास चिरतो.

ठोकळा मिळाला की प्रश्न कोनाचा. सर्वसाधारण रंध्यात पातं ४५ अंशांत बसतं. सागाच्या, सरळ रेषांच्या लाकडाला तेवढं पुरतं. सागाची खोड वेगळीच आहे. त्याच्या पेशींत वाळूच्या जातीचे बारीक कण असतात, त्यामुळे लाकूड मऊ वाटलं तरी धार लवकर बोथट होते. बिजा या झाडाच्या लाकडाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे धागे एका थरात एकीकडे आणि पुढच्या थरात दुसरीकडे झुकतात. मग रंधा कुठूनही चालवा, कुठले तरी धागे उलटे येणारच. ४५ अंशांचं पातं अशा धाग्याखाली घुसतं, त्याला उचलतं आणि धारेच्या पुढेच लाकूड फाटत जातं. नव्या पलंगाच्या पाटीवर नखाला लागणारे खडबडीत डाग उमटतात ते यामुळे.

यावर इलाज म्हणजे पातं उभं करायचं. ५० अंश, ५५, फारच अडेलतट्टू लाकूड असेल तर ६० सुद्धा. उभं पातं धागा उचलत नाही, मोडून काढतं. चालवायला जोर जास्त लागतो, पण पृष्ठभाग साफ निघतो. दुसरा इलाज तोंडाचा. तोंड म्हणजे तळाला पात्यापुढची फट. ती अरुंद असेल तर पुढचं लाकूड अगदी धारेपर्यंत दाबलेलं राहतं, त्याला फाटायला जागाच मिळत नाही. कारखान्यातला लोखंडी रंधा साधारण ४५ अंशांत ठरलेला येतो. घरचा रंधा मात्र ज्या लाकडावर चालायचा त्याला पाहून बनवता येतो. लाकडी रंध्याच्या बाजूने एवढा एक मुद्दा पुरेसा आहे, स्वस्ताई नंतरची.

घडवायची जुनी पद्धत कष्टाची. अखंड ठोकळ्यावर दोन्ही बाजूंनी खुणा करायच्या आणि पटाशीने वरून व खालून पोखरत मधे यायचं. पातं टेकायची उतरण एका पातळीत हवी. ती केसभर जरी फुगली तरी पातं थरथरतं आणि लाकडावर लाटा उमटतात. दोन्ही गालांच्या, म्हणजे बाजूच्या भिंतींच्या, आतून पाचरीसाठी खाचा काढायच्या. हे आंधळं काम आहे, हत्यार आत आणि डोळा बाहेर.

दुसरी पद्धत जगभर लोकप्रिय केली जेम्स क्रेनोव्ह यांनी. सायबेरियात जन्मलेला, स्वीडनमध्ये काम शिकलेला हा कारागीर पुढे कॅलिफोर्नियात शिकवू लागला. १९७६ पासून आलेल्या त्याच्या पुस्तकांमुळे हौशी सुतारांची एक पिढी रंधे बनवायला लागली. युक्ती साधी आहे. ठोकळ्याचे दोन्ही गाल करवतीने कापून वेगळे करायचे. मधल्या भागाचे तिरपे काप घेऊन दोन तुकडे करायचे, मागचा पातं टेकायला आणि पुढचा झिलप्या वर निघायला. मग सगळं पुन्हा सरसाने जोडायचं, मधून एक आडवी दांडी घालायची आणि पाचर तिच्याखाली ठोकायची. पोखरण्याचं सगळं काम करवतीवर येतं.

जोडताना तोंड मुद्दाम बंदच ठेवतात. सरस वाळल्यावर पातं आत बसवून, पाचर ठोकून, धार तळाच्या किंचित आत ठेवून मग तळ घासायचा. काचेवर सँडपेपर चिकटवून त्यावर रंधा पुढेमागे फिरवला की काम होतं. पाचर ठोकल्यावर ठोकळ्याला ताण बसतो आणि तळ किंचित हलतो, म्हणून तळ ताणाखाली असतानाच सपाट करायचा. पाचर काढून घासलेला तळ कामाच्या वेळी दगा देतो. शेवटी तोंड कानशीने थोडं थोडं उघडत जायचं. झिलपी न अडकता वर आली की थांबायचं.

पात्यासाठी ट्रकच्या कमानपट्टीचा तुकडा चालतो किंवा झिजलेली कानस. लोहार ते लाल तापवतो. चुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवतो. एवढ्यावर सोडलं तर धार काचेसारखी उडते, म्हणून ते पुन्हा हलकं तापवून पृष्ठभागावर वाळल्या तणसाचा पिवळा रंग आला की थांबायचं. धार साधारण २५ अंशांत घासायची आणि टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी द्यायची.

लाकडी रंध्याला स्क्रू नसतो. पातं पुढे हवं तर त्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी, मागे हवं तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर. शिकाऊ पोराला या टिचक्यांचा अंदाज येईपर्यंत पाचर सैल होऊन पातं हातात येतं. हीच कटकट संपवायला अमेरिकेत लिओनार्ड बेलीने १८६०च्या दशकात स्क्रूवर सरकणाऱ्या पात्याचा लोखंडी रंधा आणला. १८६९ मध्ये त्याचा व्यवसाय स्टॅन्ली कंपनीने घेतला आणि तोच घाट आजही चालतो. आयटीआयच्या सुतारकाम वर्गात शिकवला जाणारा जॅक प्लेन त्याच वंशातला.

गावात वाढईचं काम आता आक्रसलं आहे. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, दारं कारखान्यातून येतात आणि जाड काम विजेचा रंधा मिनिटांत उरकतो. तान्ह्या पोळ्याच्या आधी पोरांसाठी लाकडी नंदी घडवायचं काम अजून टिकून आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांची मदत आहे. त्यातून विजेची हत्यारं घेणारे घेतील, आणि घ्यावीतही. पण विजेच्या रंध्याचं फिरतं पातं बिजाच्या पाटीवर बारीक लाटा आणि ओरबाडे सोडतं. ते काढायला सँडपेपर घासत बसा, नाहीतर उभ्या पात्याचा हातरंधा फिरवा.

लाकडी रंधा झिजतोही. तळ पुन्हा पुन्हा सपाट करावा लागतो, आणि उतरणीमुळे प्रत्येक वेळी तोंड थोडं रुंद होतं. काही वर्षांनी फट इतकी वाढते की बारीक काम साधत नाही. तेव्हा तोंडाच्या पुढे तळाला चौकोनी खाच मारतात, तीत धावड्याचा किंवा शिसमचा तुकडा सरसाने बसवतात आणि तोंड नव्याने अरुंद कोरतात. मग तोच ठोकळा, तेच पातं आणि तीच पाचर पुढची काही वर्षं चालते.