वर्गातील इंटरनेट आणि आपला मराठवाडा

‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले तेव्हा वर्गांत इंटरनेट नव्हते. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी तो पॅटर्न जादा तास आणि सराव परीक्षा यांच्या बळावर उभा केला. मग आता इंटरनेटने काय साधावे? आमच्या मते त्याची खरी गरज लातूर शहरापेक्षा (तेथे शिकवण्यांना तोटा नाही) नांदेडच्या किनवट, देगलूर या टोकाच्या तालुक्यांत आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’च्या ॲपने कोड टिपला की त्या पाठाची चित्रफीत उघडते. ती एकदा उतरवून घेतली की नेटवर्क नसले तरी चालते. शिक्षकांनी तालुक्याच्या गावी ती उतरवून आणावी व वर्गात सर्वांना दाखवावी, एवढे पुरेसे आहे.

२०२० च्या टाळेबंदीत घरातील एकुलता फोन वडिलांबरोबर शेतावर गेला की मुलाची शाळा बुडे. अशा मुलांसाठीच त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. वर्गातील पडदा मात्र सर्वांचा असतो.

प्रश्न उरतो भाषेचा. किनवटच्या तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते, कोणी गोंडी. देगलूरकडे तेलुगू, कन्नड कानी पडते. प्रमाण मराठीतील चित्रफीत या मुलांना अर्धीच उमगते. ती मध्येच थांबवून त्यांच्या बोलीत समजावतील असे शिक्षक वर्गावर आहेत काय, हे पालकसभेने पडदा विकत घेण्यापूर्वी विचारावे.