दुभंगलेल्या टाळूचे पिल्लू

चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या आवारात, रिकाम्या खोक्यांआड व्यालेल्या कुत्रीच्या एखाद्या पिल्लाच्या नाकावाटे, आचळ ओढताच, दूध येऊ लागले, तर त्याची टाळू दुभंगलेली असण्याचा संभव ध्यानी घेऊन प्रथम त्याचे तोंड उघडून पाहावे. दयेपोटी त्याला उताणे धरून चमच्याने गाईचे दूध पाजणे हा मात्र शुद्ध घात होय. ते फुप्फुसांत उतरते, शिवाय कुत्रीच्या दुधाच्या मानाने निकसही असते. पहिले २-३ आठवडे पिल्लास स्वतःची ऊब राखता येत नाही. सबब गारठलेल्याला आधी फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी, दूध मागाहून. दर २-३ तासांनी नळीने पाजण्याची रीत पशुवैद्याकडून समक्ष शिकून घ्यावी. शस्त्रक्रिया बहुधा ३-४ महिन्यांनंतरच होते. तोवर रात्रपाळीलाही कोणी जबाबदार माणूस हवा.